अकरा गोळ्या

"तोंड उघडा. गिळा. आता जीभ वर करा."

सकाळ-संध्याकाळ, एकोणीस माणसांत, मी हे एवढंच बोलत असे. जास्तीचं बोलायला मला वेळ नसे, आणि खरं सांगायचं तर तशी इच्छाही नसे. औषध ज्याचं त्याला, ज्या वेळचं त्या वेळी आणि ठरलं तेवढंच मिळालं पाहिजे, हे माझं काम होतं. त्यात मी कधी चुकत नाही याचा मला अभिमान होता.

धारूरच्या बाजाराच्या मागं सरकी साठवायचं एक मोठं कोठार होतं. एका व्यापाऱ्याला मूलबाळ नव्हतं. तो वारल्यावर त्याच्या बायकोनं ते कोठार ज्यांना कुणी नाही अशा म्हाताऱ्या, लुळ्या, आंधळ्या माणसांसाठी देऊन टाकलं. मधे भिंत घालून एकीकडं बायका, एकीकडं पुरुष. समोर अंगण, कडेला स्वयंपाकघर आणि त्याच्या पलीकडं माझी खोली. निजामाचं राज्य होतं, त्यामुळं गावानं त्याला हैदराबादेकडचंच नाव दिलं, मोहताजखाना, म्हणजे निराधारांचं घर. आत राहणाऱ्यांना हे नाव आवडत नसे. ते नुसतं "कोठार" म्हणायचे.

माझ्या वडलांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. आम्ही लिंगायत, तीन पिढ्या हिरडा-बेहडा-सुंठ विकणारे. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा पटकीनं गेला आणि मी माहेरी आले. वडलांनी मला रिकामं बसू दिलं नाही. दुकानात बसवून बाळबोध लिहायला शिकवलं, तराजू धरायला शिकवलं, रत्ती आणि मासा यांत किती फरक असतो आणि त्या फरकानं माणूस कसा मरतो तेही शिकवलं. कोठाराचे कारभारी एक दिवस दुकानात आले आणि वडलांना म्हणाले, "दवा मोजून देणारं कुणी तरी भरवशाचं माणूस पायजे." वडलांनी माझ्याकडं बोट केलं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते.

जाताना मी दुकानातलं एक जुनं कपाट मागून नेलं. त्याला चोवीस लहान खण होते. एकेका माणसाचा एकेक खण. वाचता कुणालाच येत नव्हतं, म्हणून ज्यानं त्यानं आपल्या खणाला आपली खूण लावली होती. कुणाची कवडी, कुणाचा बांगडीचा तुकडा, एकाचं बैलाच्या गळ्यातलं फुटकं घुंगरू. हकीमसाहेब दर पंधरा दिवसांनी केजेहून तट्टावर यायचे. ते एकेकाची नाडी बघून बोलायचे आणि मी माझ्या वहीत उतरून घ्यायची. मग सगळं त्यांना वाचून दाखवायची. त्यांनी मान हलवली की मगच पुढचा माणूस.

अफूचा डबा वेगळा होता. तो पत्र्याचा, कुलपाचा. आबकारीचा परवाना कारभाऱ्यांच्या नावावर होता, पण किल्ली माझ्या कमरेला. गोळ्या मीच वळायची, मुगाएवढ्या, आणि रोज संध्याकाळी किती दिल्या, किती उरल्या ते वहीत लिहायची. अफू तिघांनाच होती. एक अर्धांगाचा म्हातारा, त्याला मी गोळी दुधात विरघळवून चमच्यानं पाजायची. दुसऱ्या आत्या. तिसरे जमादार.

आत्या तलवाड्याकडच्या. कुणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या, पण सगळं कोठार त्यांना आत्या म्हणायचं. त्यांना जुना खोकला होता, इतका की खोकता खोकता ओठ निळे पडायचे, म्हणून रोज संध्याकाळी एक गोळी. दिवसभर त्या माझ्या मागं मागं असायच्या. तांदूळ निवडायच्या, खल धुऊन ठेवायच्या, दुपारी मला पुढ्यात बसवून माझे केस विंचरायच्या. आईमागं माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. सगळ्यांची तोंडं मी तपासायची, कारण एका म्हाताऱ्यानं महिनाभर कोयनेलची कडू गोळी गालात धरून तुळशीत थुंकलेली मी पकडली होती. पण आत्यांना मी कधी तोंड उघडा म्हटलं नाही. तो त्यांचा अपमान झाला असता, असं मला वाटायचं.

जमादार पूर्वी किल्ल्यावर पहाऱ्याला होते. मूळचे पालीचे. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या झाल्या तरी पीळ सुटलेला नव्हता. त्यांना ओटीपोटात दुखायचं आणि लघवीतून रक्त जायचं. आधी त्यांना रोज तीन गोळ्या होत्या. मग मार्गशीर्षात हकीमसाहेब म्हणाले की अफूनं यांची आतडी धरून बसलीत, पोट साफ होत नाही, सवयही लागलीय, कमी करत आणा. मी आठ दिवसांत दोनावर आणलं आणि पुढच्या आठ दिवसांत एकावर.

एकावर आणलं त्या संध्याकाळी जमादार म्हणाले, "अक्का, एक वाढवा. लई दुखतंय."

"हकीमसाहेबांचा हुकूम हाय," मी उभ्या उभ्याच म्हणाले. "तोंड उघडा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. त्यानंतर त्यांनी परत कधी मागितलं नाही. मला वाटलं, माणूस वळणावर आला.

पौषातली गोष्ट. सकाळचं ऊन अंगणात यायचं तेव्हा सगळेजण भिंतीला पाठ लावून बसायचे. त्या दिवशी मी काढे वाटत वाटत जमादारांपाशी आले तर ते बसल्या जागी झोपले होते. हनुवटी छातीवर टेकलेली, घोरणं चालू. मला बरं वाटलं. बरेच दिवस त्यांच्या डोळ्याखाली काळं झालेलं मी बघत होते. म्हटलं झोपू दे, काढा नंतर देता येईल. त्यांचा पेला मी भिंतीवर ठेवला आणि पुढं गेले.

किती वेळ गेला असेल सांगता येत नाही. सगळ्यांचं देऊन झालं, पेले विसळून झाले, स्वयंपाक्यानं चुलीवर दुसरं आधण ठेवलं. मी परत आले तेव्हा जमादारांच्या ओठावर माशी बसली होती. ती ओठावरून नाकपुडीत जायला बघत होती आणि त्यांचा चेहरा हलत नव्हता. घोरणंही बदललं होतं. एक घोरणं, मग काहीच नाही, मी मनात पाच मोजले, सहा मोजले, मग दुसरं.

मी खाली बसले आणि त्यांची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती.

दुकानात असताना मी एकदा अशी बाहुली बघितली होती. एका माणसानं बायकोशी भांडून अफू खाल्ली होती आणि त्याला खाटेवर घालून आमच्या दुकानासमोर आणला होता. तो वाचला नव्हता.

"कारभारी," मी ओरडले नाही, पण आवाज कसा निघाला कोण जाणे, सगळं अंगण गप्प झालं. "जमादारांनी अफू खाल्लीय."

कारभारी धोतर सावरत आले. त्यांनी आधी जमादारांकडं बघितलं आणि मग माझ्या कमरेकडं, किल्लीकडं.

"तुमी किती दिल्त्या?"

"एकच. काल सांजच्याला."

"मग?"

उत्तर शोधत बसायची ती वेळ नव्हती. कोठाराचं घोडं होतं. मी म्हणाले, आधी माणूस केजेला पाठवा, हकीमसाहेबांना घेऊन या, मग विचारा काय विचारायचं ते. कारभाऱ्यांनी गड्याला घोड्यावर बसवला. तो हकीमसाहेबांना घेऊन परत यायला तिसरा प्रहर होणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

वडलांनी त्या खाटेवरच्या माणसाला जे केलं होतं ते मला आठवत होतं. मी कपाटातून रिठे काढले, फोडले, गरम पाण्यात घुसळले. फेस आलेलं ते पाणी स्वयंपाक्यानं आणि मी मिळून जमादारांच्या तोंडात ओतायला सुरुवात केली. पहिल्यांदा सगळं मिशांवरून खाली आलं. मी त्यांच्या कानशिलात मारली. मोठ्या माणसाच्या अंगावर हात टाकायची ती माझी पहिली वेळ. डोळे किंचित उघडले.

"गिळा," मी म्हणाले. "जमादार, गिळा."

त्यांनी गिळलं. अजून एक पेला. अजून एक. मग एकदम त्यांचं अंग आवळलं आणि ते ओकले. त्या पाण्यात काळपट चिकट असं काही होतं. मी ते बोटानं उचलून बघितलं. अर्धवट विरघळलेली गोळी. मग दुसरी. माझ्याच हातच्या गोळ्या. मी गोळी वळताना शेवटी अंगठ्यानं दाबायची, तो चपटेपणा अजून तसाच होता.

"उठवा त्यांना," मी म्हणाले. "झोपले की गेले. चालवत ऱ्हायचं."

स्वयंपाक्यानं एक हात खांद्यावर घेतला. दुसऱ्या बाजूला कोण? कारभारी साठीचे, कंबरेतून वाकलेले. बाकीच्यांतले जे चालू शकत होते त्यांना स्वतःचंच ओझं पेलत नव्हतं. मी पदर खोचला आणि जमादारांचा दुसरा हात माझ्या खांद्यावर घेतला. भिंतीशी बसलेल्या कुणी तरी बाईनं तोंडातल्या तोंडात काही म्हटलेलं मी ऐकलं. एका विधवेनं परपुरुषाला असं धरावं, हे त्या अंगणात कुणी बघितलं नव्हतं. कारभाऱ्यांनी तिच्याकडं एकदा बघितलं, तशी ती गप्प झाली.

आम्ही चालायला लागलो. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सत्तावीस पावलं. मी मोजत होते, कारण मोजलं नसतं तर मी रडले असते. त्यांचे पाय फरफटत होते. दर खेपेला भिंतीशी पोचलो की मी ओला पंचा त्यांच्या तोंडावर मारायची आणि विचारायची, "जमादार, किल्ल्याला दरवाजे किती?" ते काही तरी पुटपुटायचे. पुटपुटले की परत फिरायचं. एका खेपेला ते पुटपुटलेच नाहीत. त्यांचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं आणि त्यांच्या नाकाशी श्वास लागेना. स्वयंपाकी म्हणाला, "अक्का, झालं बघा." मी त्यांच्या छातीवर मूठ मारली, आणि परत मारली. मग आतून एक लांब श्वास आला, जुना दरवाजा उघडावा तसा कुरकुरत.

कारभारी डबा घेऊन आले होते. मी चालता चालता कमरेची किल्ली काढून त्यांच्याकडं फेकली. त्यांनी डबा उघडला, गोळ्या मोजल्या, माझ्या वहीतला कालचा आकडा बघितला.

"बरूबर हाय," ते म्हणाले. "एकबी कमी न्हाई."

हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. डब्यातून गेल्या नाहीत, आणि गोळ्या माझ्याच. म्हणजे त्या माझ्याच हातून बाहेर गेल्या होत्या, मी वहीत "दिली" असं लिहिल्यावर. मी तिघांचा विचार केला. अर्धांगाच्या म्हाताऱ्याची दुधात विरघळलेली असते. जमादारांचं तोंड मी रोज बघते. उरलं कोण?

त्या खेपेला आम्ही बायकांच्या बाजूनं वळलो. आत्या सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सुपात तांदूळ होते आणि त्यांचे हात तांदळात तसेच थांबले होते. त्या माझ्याकडं बघत होत्या. आणि मग त्यांना खोकला आला, आतून उसळणारा, ओठ निळे करणारा.

तो खोकला मी दहा-बारा दिवस ऐकत होते. थंडी वाढलीय, असं म्हणून मी त्यांना ज्येष्ठमधाचा तुकडा दिला होता. गोळी पोटात जात असती तर हा खोकला आलाच नसता, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आलं नव्हतं, कारण मला ते येऊ द्यायचं नव्हतं.

"आत्या," मी चालणं न थांबवता विचारलं, "किती?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही. "अकरा."

"एकदम दिल्या?"

"न्हाई गं माय. रोज एक. गालात धरायची, तू गेलीस की पदरात बांधायची, सकाळी उन्हात बसल्यावर द्यायची." त्या उठून आमच्या बाजूनं चालायला लागल्या, धापा टाकत. "भिंतीपल्याड ते कण्हत ऱ्हात्यात. तुला न्हाई ऐकू येत, तुझी खोली तिकडं हाय. मला खोकल्यानं झोप न्हाई, त्यांना दुखण्यानं. म्हनलं दोघांतलं एक तरी झोपावं. मला काय ठावं, ते खात न्हाईत म्हणून. साठवून ठेवत्यात म्हणून."

सत्तावीस पावलं झाली, आम्ही वळलो. आत्या मागं राहिल्या. ही गोष्ट मी आणि स्वयंपाकी, दोघांनीच ऐकली होती आणि स्वयंपाक्यानं मान खाली घातली होती.

दुपार डोक्यावर आली. हिंगाचं पाणी पाजलं, परत ओकवलं, परत चालवलं. माझा खांदा बधिर झाला होता. हळूहळू जमादारांचे पाय थोडे उचलले जाऊ लागले. दरवाजे किती या प्रश्नाला एकदा स्पष्ट उत्तर आलं. उत्तर म्हणजे शिवी होती. स्वयंपाकी हसला आणि मग हसल्याची लाज वाटून गप्प झाला. मला मात्र त्या शिवीसारखं गोड काही त्या दिवसात ऐकू आलं नव्हतं.

हकीमसाहेबांच्या आधी अमीन आला. अमीन म्हणजे ठाण्याचा अंमलदार. कारभाऱ्यांनी कळवलं नव्हतं, पण अंगणाला दार होतं आणि दाराबाहेर गाव होतं. तो खुर्चीवर बसला. त्याच्याबरोबरच्या जवानानं कागद मांडीवर घेतला.

"डिब्बे की चाबी किसके पास रहती?"

"माझ्यापाशी," मी म्हणाले. जमादारांना आम्ही खाटेवर बसवलं होतं आणि मी त्यांच्या पाठीला हात लावून उभी होते, कलंडू नयेत म्हणून.

"गोलियां पूरी हैं बोलते. फिर इसने खाया क्या? आसमान से गिरी?"

जीव देऊ बघणं हा गुन्हा होता. त्याला अफू पुरवणं हाही गुन्हा होता. मला हे माहीत होतं, अमीनाला माहीत होतं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं की आत्या भिंतीला धरून उठायला लागल्या आहेत. त्या बोलल्या असत्या. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्या वयाच्या बाईला ठाण्यात नेलं असतं तर ती परत आली नसती.

"साहेब," मी घाईनं म्हणाले, "गोळी दिली की गिळली का न्हाई, हे तोंड उघडून बघायचं काम माझं. मी बघितलं न्हाई. त्यातनं साठल्या. चूक माझी हाय. तसं लिहा."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. कुणाचं तोंड, ते तेवढं मी सांगितलं नाही. आत्या भिंतीशी तशाच अर्धवट वाकून थांबल्या.

अमीन जवानाला म्हणाला, "लिखो." कारभाऱ्यांकडं वळून म्हणाला की परवाना रद्द होईल, आणि या बाईला उद्या ठाण्यात जबाब द्यायला पाठवा.

एवढ्यात तट्टाच्या टापा वाजल्या. हकीमसाहेब धुळीनं भरलेले होते, पण कुणाशी न बोलता ते आधी जमादारांपाशी गेले. पापणी वर केली, नाडी धरली, छातीला कान लावला. अंगणातली माणसं, कारभारी, अमीन, सगळे त्यांच्या पाठीकडं बघत होते.

"बच जाएंगे," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "रिठा?"

"जी."

"अच्छा किया."

अमीनानं त्यांना सगळं सांगितलं. हकीमसाहेबांनी हात धुतले, पंच्याला पुसले, आणि शांतपणे म्हणाले, "अमीनसाहब, दवा कम करने का हुक्म मेरा था. मैंने दर्द देखा नहीं, सिर्फ आंतें देखीं. लिखना है तो मेरा नाम भी लिखो."

हकीमसाहेबांच्या वडलांनी अमीनाच्या वडलांना औषध दिलेलं होतं. कागद फाडला गेला नाही, पण घडी घालून खिशात गेला. जबाब टळला. परवाना राहिला, पण एक अट पडली. अफूचा डबा ठाण्यात राहील आणि त्या दिवसापुरत्या गोळ्या रोज सकाळी मी स्वतः जाऊन आणायच्या. पुढचे दोन महिने भर बाजारातून मी रोज ठाण्यात जात होते आणि येत होते. लोक बघायचे. वडलांच्या दुकानावरून जाताना वडील तराजू खाली ठेवून मी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे.

जमादार दुसऱ्या दिवशी दुपारी नीट शुद्धीवर आले. मी पेज घेऊन गेले. त्यांनी तोंड फिरवलं.

"कावून वाचवलंस?" ते म्हणाले. पहिल्यांदाच ते माझ्याशी एकेरीत बोलले होते. "मी तुझं काय वाईट केलतं?"

मी पेज घेऊन तशीच उभी राहिले. हकीमसाहेब रात्री कोठारातच राहिले होते आणि आता त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांनी मला खूण केली, बस म्हणून. दवा देताना मी त्या खोलीत कधी बसले नव्हते. जमिनीवर बसले.

हकीमसाहेबांनी जमादारांना विचारलं, कुठं दुखतं, कसं दुखतं, कधी थांबतं का. जमादार सांगायला लागले आणि सांगतच राहिले. सुरीनं आतून खरवडल्यासारखं. पहाटे सगळ्यात जास्त. दातात उशी धरतो म्हणाले, पण आवाज निघतोच. हकीमसाहेबांनी ओटीपोटावर हात ठेवला, दाबून बघितलं आणि हात तिथंच थांबवला. आत गाठ होती, लिंबाएवढी. ती बरी होण्यातली नव्हती. त्यांनी तसं तोंडानं म्हटलं नाही, पण जमादारांना कळलं. मलाही कळलं.

"किती लागतात?" हकीमसाहेबांनी विचारलं.

"तीन होत्या तवा झोप यायची," जमादार म्हणाले.

"चार लिहून घे," हकीमसाहेब मला म्हणाले. "दोन सकाळी, दोन संध्याकाळी. आणि मी येईपर्यंत कमी लागतात की जास्त, ते यांना विचारायचं. वहीला नाही."

मी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. अक्षर वाकडं आलं होतं.

जमादारांनी त्या दिवशी पेज घेतली नाही. तिसऱ्या दिवशी घेतली. मला त्यांनी माफ केलं की नाही ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माझ्याशी ते कामापुरतं बोलायचे. मात्र उन्हात बसले की आत्या त्यांच्या शेजारी जाऊन बसायच्या आणि दोघं पालीच्या आणि तलवाड्याच्या गोष्टी काढायची, कुठल्या साली कुठली विहीर आटली, कुणाच्या लग्नात कोण रुसलं. पुन्हा आत्यांनी गोळी लपवली नाही. गोळी घेतली की मी न सांगता त्या तोंड उघडून दाखवायच्या, सगळ्यांदेखत. त्यानं मला फार लागायचं. मी एकदा म्हणाले, "आत्या, नका हो असं करू." त्या म्हणाल्या, "का गं? मी काय येगळी हाय का?" दुपारी केस विंचरणं चालू होतं, पण पहिल्यासारखं त्या बोलत नसत.

मी माझं अंथरूण माझ्या खोलीतून काढून पुरुषांच्या दालनाबाहेरच्या ओसरीवर आणलं. पहिल्या आठवड्यात मला कळलं की कोठारात किती जण कण्हतात. एका पांगळ्या म्हातारीची दाढ सहा महिने ठणकत होती आणि ती मला म्हणाली, "तुमी कवा इचारलंच न्हाई, आन आमाला वाटलं दवा म्हंजी हकीम देतील तेवढीच." त्यानंतर संध्याकाळी दवा वाटायला मला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागू लागला, कारण एकेकापाशी बसावं लागायचं. जेवणं थंड व्हायची. स्वयंपाकी रागवायचा.

जमादार फाल्गुनात गेले, शाळूची कणसं खळ्यावर आली होती तेव्हा. शेवटचे आठ-दहा दिवस त्यांना सहा गोळ्या लागत होत्या आणि त्या मी आणत होते. भर दुपारी ते गेले. आत्या शेजारीच होत्या. त्यांनी मला हाक मारली नाही; सगळं झाल्यावर उठून माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "गेले. झोपेतच गेले." मी जाऊन बघितलं. चेहरा मोकळा होता, उशी डोक्याखाली होती.

त्या दिवशीच्या त्यांच्या दोन गोळ्या उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कागदात बांधून ठाण्यात परत दिल्या. अमीनानं त्या हातावर घेतल्या, बघितल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. आत्या आणि तो अर्धांगाचा म्हातारा वाट बघत होते, आणि त्यांच्या गोळ्या अजून माझ्या हातात यायच्या होत्या.